ल्यूथरन मुलगा, बॅप्टिस्ट मुलगी : साखरपुड्याआधी काय बोलून घ्यावं

प्रश्न थोडक्यात असा. मुलगा ल्यूथरन घरातला; तान्हा असताना बाप्तिस्मा झालेला, चौदाव्या वर्षी दृढीकरण, म्हणजे शिकवणीचे वर्ग करून तो विश्वास स्वतःच्या तोंडानं कबूल करणं. मुलगी बॅप्टिस्ट, सोळाव्या वर्षी मंडळीसमोर साक्ष देऊन पाण्यात उतरलेली. आठ महिन्यांपासून दोघं डेटिंग करताहेत आणि लग्नाचा विचार डोक्यात आहे. दोन्ही चर्चचे डेटिंगचे नियम किती वेगळे आहेत, आणि पुढे गाडी कुठे अडेल?

नियमांपुरतं उत्तर एका दमात देता येतं. शरीरसंबंध लग्नानंतरच, लग्न ख्रिस्तावर विश्वास ठेवणाऱ्याशीच, आणि ते जन्मभरासाठी. परंपरेनं दोन्हीकडे हेच शिकवलं जातं. गाडी अडते ती पहिल्या बाळाच्या बाप्तिस्म्यापाशी, म्हणजे लग्नाला दोन-तीन वर्षं झाल्यावर, जेव्हा आजी-आजोबांची चारही माणसं बाळ बघायला जमलेली असतात. डेटिंगच्या काळात जे फरक जाणवतात ते बहुतेक या एकाच मतभेदाच्या फांद्या आहेत. मी फांद्यांकडून बुंध्याकडे जाणार आहे. तुम्ही दोघं बोलायला बसाल तेव्हा मात्र बुंध्यापासून सुरुवात करा.

त्याआधी एक काम. चर्चच्या पाटीवर 'ल्यूथरन' किंवा 'बॅप्टिस्ट' लिहिलंय एवढ्यावर विसंबू नका. अमेरिकेपुरतं बोलायचं तर 1847 चा मिसूरी सिनड आणि 1850 चा विस्कॉन्सिन सिनड (सिनड म्हणजे ल्यूथरन मंडळ्यांचा संघ) जुन्या वळणाचे. 1988 मध्ये विलीनीकरणातून उभं राहिलेलं इव्हँजेलिकल ल्यूथरन चर्च इन अमेरिका, म्हणजे ईएलसीए, त्या मानानं बरंच मोकळं. ईएलसीएच्या पूर्वीच्या शाखांनी 1970 पासूनच स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा दिली आणि 2009 मध्ये आजीवन एकनिष्ठ समलिंगी नात्यात असलेल्यांनाही ती वाट मोकळी झाली. मिसूरी आणि विस्कॉन्सिनमध्ये यातलं काहीच नाही. बॅप्टिस्टांकडे ही विविधता आणखी जास्त, कारण तिथे प्रत्येक स्थानिक मंडळी स्वायत्त असते. सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन या अमेरिकेतल्या बॅप्टिस्ट मंडळ्यांच्या संघटनेनं 1998 मध्ये आपल्या विश्वासनाम्यात कुटुंबावरचं कलम घातलं, त्यात पत्नीनं पतीच्या नेतृत्वाच्या अधीन राहावं असं म्हटलं आहे. 'अमेरिकन बॅप्टिस्ट' या दुसऱ्या संघटनेच्या मंडळ्यांमध्ये तुम्हाला स्त्री पाळक भेटतील. त्यामुळे घरात कुणाचा शब्द चालावा, बाईनं उपदेश करावा का, असल्या प्रश्नांवर जुन्या वळणाचा ल्यूथरन आणि सदर्न बॅप्टिस्ट एका बाजूला आणि दोघांचेही उदार भाऊबंद दुसऱ्या बाजूला असं चित्र दिसतं. ही रेघ दोन संप्रदायांच्या मधून जात नाही, आडवी जाते. तेव्हा ल्यूथरन बाजूनं सिनडचं नाव विचारा आणि बॅप्टिस्ट बाजूनं त्या एका मंडळीची सभासदत्वाची प्रतिज्ञा आणि घटना मागून घ्या. 

आता पहिली ठेच कुठे लागते ते पाहू. मुलगा पहिल्यांदा मुलीच्या घरी जेवायला जातो. भाजी वाढता वाढता तिची आई सहज विचारते, "मग तुझं तारण कधी झालं?" बॅप्टिस्ट घरात हा प्रश्न गावाचं नाव विचारण्याइतका साधा आहे. उत्तरात तारीख नाही तरी निदान प्रसंग अपेक्षित असतो: अमक्या शिबिरात, अमक्या वर्षी मी पश्चात्ताप केला आणि येशूला स्वीकारलं. ल्यूथरन मुलगा गडबडतो. त्याच्याकडे असा प्रसंग नसतो, आणि नसण्यात काही उणं आहे हेही त्याला ठाऊक नसतं. तो म्हणतो, "मी तीन आठवड्यांचा होतो तेव्हा." टेबलावर शांतता. आईला वाटतं, हा नावापुरता ख्रिस्ती. मुलाला वाटतं, आपली परीक्षा घेतली जातेय.

दोघंही आपापल्या शिकवणीप्रमाणे अगदी बरोबर बोललेले असतात. ल्यूथरन माणसाच्या दृष्टीनं बाप्तिस्मा हे देवाचं काम आहे. त्यात पापक्षमा आणि नवा जन्म मिळतो, आणि तान्ह्या बाळालाही विश्वास देणारा देवच. म्हणून खात्री हवी असेल तेव्हा तो आपल्या निर्णयाकडे पाहत नाही, "माझा बाप्तिस्मा झालेला आहे" याकडे पाहतो. बॅप्टिस्टाच्या दृष्टीनं आधी पश्चात्ताप, आधी विश्वास, मग त्या विश्वासाची जाहीर साक्ष म्हणून पाण्यात उतरणं. तो संस्कार, म्हणजे ज्यातून देव स्वतः कृपा देतो असं कृत्य, नाही; प्रभूनं नेमून दिलेला विधी आहे, आणि तो आज्ञापालनाचा भाग आहे. एकाचा भर माझ्यासाठी काय केलं गेलं यावर, दुसऱ्याचा मी त्याला काय उत्तर दिलं यावर. मुलानं त्या टेबलावर काय म्हणावं? बनावट प्रसंग रचू नये. तो पुढे अंगाशी येतो. "माझा प्रभू येशूवर विश्वास आहे, त्याच्या क्रुसावरच्या मरणामुळेच माझं तारण आहे, आणि विश्वास नव्हता असा दिवस मला आठवत नाही," एवढं सरळ सांगावं. बहुतेक बॅप्टिस्ट आईवडिलांना हे वाक्य समजतं. नुसतं "मी ल्यूथरन आहे" हे उत्तर त्यांना समजत नाही.

हाच फरक शुद्धतेच्या बोलण्यात उतरतो. 1993 मध्ये सदर्न बॅप्टिस्टांच्या प्रकाशन मंडळातून 'ट्रू लव्ह वेट्स' ही मोहीम निघाली. किशोरवयीन मुलं लग्नापर्यंत थांबण्याची शपथ लिहिलेल्या कार्डावर सही करत. 1994 मध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर अशी 2 लाखांहून जास्त कार्डं मांडली होती. ही मोहीम बॅप्टिस्टांमधून निघाली यात नवल नाही. जिथे विश्वासाची सुरुवातच स्वतःच्या जाहीर निर्णयानं होते, तिथे पावित्र्यसुद्धा निर्णय आणि शपथ या भाषेत बोललं जातं. काही ल्यूथरन युवक गटांनीही अशा शपथा घेतल्या, पण ल्यूथरन पाळकाच्या हातातलं मूळ साधन वेगळं आहे: पापांगीकार आणि पापमुक्तीची घोषणा. पाळक खासगीत कबुली ऐकतो, ख्रिस्ताच्या नावानं क्षमा जाहीर करतो आणि ते तिथेच संपतं. ती गोष्ट बाहेर न सांगण्याला तो बांधलेला असतो.

नात्यात हे कसं दिसतं? समजा दोघांनी ठरवलेली मर्यादा एका रात्री ओलांडली. बॅप्टिस्ट मुलीला वाटतं, मी शपथ मोडली, माझी साक्ष डागाळली; ती उत्तरदायित्वासाठी नेमलेल्या मैत्रिणीला सांगते, दोन आठवडे भेटायचं नाही असं ठरवते. ल्यूथरन मुलगा रविवारच्या उपासनेत सामुदायिक पापांगीकार म्हणतो, क्षमेचे शब्द ऐकतो आणि दुपारी फोन करतो. तिला तो बेफिकीर वाटतो, त्याला ती क्षमेवर विश्वास नसल्यासारखी वाटते. इथे दोघांनाही एकेक गोष्ट ऐकवावी लागते. मुलाला: क्षमा मिळाली म्हणजे रात्री अकरानंतर तिच्या खोलीवर थांबण्याची सवय आपोआप सुटत नाही, वेळ आणि जागा बदलावी लागते. मुलीला: शपथ मोडल्याचा हिशेब चुकता करण्यासाठी किती दिवस दुःखी राहायचं याचं कोष्टक शास्त्रात नाही. आणि दोघांना मिळून: ती ज्या मैत्रिणीला सांगते तिला काय सांगायचं हे आधी ठरवा. आपली खासगी गोष्ट तिच्या गटात प्रार्थनेचा विषय झाली हे मुलाला तिसऱ्याकडून कळलं, की नातं त्या रात्रीपेक्षा त्या प्रार्थनेमुळे तुटतं.

जाता जाता: दोघं मिळून दहा आज्ञा वाचणार असाल तर अंक नका वापरू. ल्यूथरन मोजणीत व्यभिचाराची आज्ञा सहावी, बॅप्टिस्ट मोजणीत सातवी. "सहावी आज्ञा मोडली" असं ल्यूथरन मुलानं म्हटलं तर बॅप्टिस्ट कानाला ते खून केल्यासारखं ऐकू येतं.

वडिलांची परवानगी मागणं, एकट्यानं न भेटणं, सुरुवातीपासून लग्नाच्याच हेतूनं भेटणं, अशी कडक पद्धत काही रिफॉर्म्ड आणि इंडिपेंडंट बॅप्टिस्ट मंडळ्यांत आढळते. सगळ्या बॅप्टिस्टांत नाही. ल्यूथरनांकडे आज असा काही साचा नाही, म्हणून ल्यूथरन मुलं हे बघून बिचकतात. पण त्यांचाही इतिहास काही मोकळाढाकळा नाही. ज्याच्या नावानं हा संप्रदाय ओळखला जातो त्या मार्टिन ल्यूथर यानं स्वतः 1530 मध्ये आईवडिलांना अंधारात ठेवून केलेल्या वाङ्निश्चयांवर सडकून टीका केली होती, आणि मिसूरी सिनडमध्ये विसाव्या शतकातही बराच काळ रीतसर साखरपुडा म्हणजे जवळपास लग्नच मानला जाई. तो मोडणं ही गंभीर बाब होती. मुलीच्या वडिलांना भेटायला सांगितलं तर भेटा. चर्चचा नियम म्हणून नको वाटत असेल तर शिष्टाचार म्हणून भेटा.

दारू आणि नाच. ल्यूथरनांच्या लेखी दोन्हींत मुळात पाप नाही, अतिरेकात आहे. बॅप्टिस्टांकडे 1853 ची एक सभासद-प्रतिज्ञा वर्षानुवर्षं असंख्य चर्चच्या भिंतींवर टांगलेली होती आणि तिच्यात मादक पेयं विकणार नाही, पिणार नाही असं कलम आहे. टेक्सासमधल्या बेलर या बॅप्टिस्ट विद्यापीठात आवारात नाचायला 1996 पर्यंत बंदी होती. आज बऱ्याच मंडळ्या सैल झाल्यात, पण तिच्या घरच्यांसमोर बिअर मागवण्याआधी तिला विचारा. स्वागतसमारंभात शॅम्पेन असेल की नाही हा वाद लहान दिसतो, तरी पाहुण्यांच्या यादीपेक्षा जास्त वेळ खातो. मधला मार्ग: चर्चच्या सभागृहात काही नाही, जेवण दुसरीकडे असेल तर ज्याला हवं तो आपल्या पैशानं घेईल.

प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा, रविवार मात्र नीट समजून घ्या. मिसूरी किंवा विस्कॉन्सिन सिनडच्या चर्चमध्ये मुलगी पहिल्यांदा येते. भाकर आणि द्राक्षारसात, त्यांच्यासह आणि त्यांच्याखाली ख्रिस्ताचं खरं शरीर आणि रक्त आहे असं इथे मानतात. लोक रांगेनं कठड्यापाशी जाऊन गुडघे टेकतात. तिला घ्यायला मिळणार नाही. याचा अर्थ ती ख्रिस्ती नाही असा नव्हे. एकत्र प्रभुभोजन घेणं ही एकाच शिकवणीची कबुली असते आणि ती शिकवण तिला मान्य नाही, हे ती स्वतःच सांगेल. तिनं जागेवर बसून राहावं, किंवा चर्चची पद्धत असेल तर छातीवर हात आडवे घडी घालून पुढे जावं. पाळक आशीर्वाद देतो. चूक होते ती अशी: मुलगा तिला काहीच सांगत नाही, ती सगळ्यांबरोबर उठते आणि पाळक तिला वगळून पुढे सरकतो. तो अपमान वर्षभर पुरतो. उपासनेच्या दहा मिनिटं आधी पाळकाला भेटवून दिलं की एवढं टळतं. ईएलसीएमध्ये हा प्रश्न सहसा येत नाही, बाप्तिस्मा झालेल्या सगळ्यांना तिथे बोलावलं जातं.

उलट बाजूला मुलगा तिच्या चर्चमध्ये जातो. तबकं बाकांवरून फिरतात, लहान पेल्यांत द्राक्षाचा रस असतो, सगळ्यांच्या हाती पोचेपर्यंत थांबून एकदम घेतात. हे स्मरण आहे. बोलावणं बहुधा सगळ्या विश्वासणाऱ्यांना असतं. इथे गंमत अशी, की सदर्न बॅप्टिस्टांच्या विश्वासनाम्याप्रमाणे प्रभुभोजनाआधी पाण्यात बुडवून घेतलेला बाप्तिस्मा हवा, म्हणजे कागदावर हा मुलगाही बसत नाही. प्रत्यक्षात सहसा कुणी अडवत नाही. तेव्हा "तुमचं चर्च संकुचित, आमचं मोकळं" असं म्हणण्यापूर्वी मुलीनं आपलाच कागद एकदा वाचावा. आणि मुलाचा पाळक जुन्या वळणाचा असेल तर तो त्याला तिथे घेऊ नको म्हणेल, तेही आधीच विचारून ठेवावं.

आता बुंधा. बाप्तिस्म्याच्या बाबतीत दोन्ही बाजूंना समान अंतर चालावं लागत नाही, आणि जोडप्यांना हे बहुतेकदा माहीत नसतं. मुलगी ल्यूथरन व्हायची ठरली तर तिचा बाप्तिस्मा जसाच्या तसा मान्य होतो. पाणी होतं, पिता-पुत्र-पवित्र आत्मा यांच्या नावानं झाला, पुरे. तिला काही आठवडे ते काही महिने शिकवणीचे वर्ग करून विश्वास जाहीर करायचा असतो. मुलगा बॅप्टिस्ट व्हायचा ठरला तर बहुतेक मंडळ्या त्याला पाण्यात उतरायला सांगतील. त्यांच्या मते हा दुसरा बाप्तिस्मा नव्हेच, पहिलाच. पण त्याच्यासाठी, आणि त्याहून जास्त त्याच्या आईसाठी, त्याचा अर्थ देवानं केलेलं काम खोटं होतं असं म्हणणं. 'एकच प्रभू, एकच विश्वास, एकच बाप्तिस्मा' हे इफिसकरांस पत्रातलं वचन तेव्हा बाहेर येतं. काही बॅप्टिस्ट मंडळ्या, विशेषतः इंग्लंडमध्ये, बालपणी बाप्तिस्मा झालेल्या विश्वासणाऱ्यालाही सभासद करून घेतात. तुमच्या जवळची मंडळी तशी आहे का हे पाळकाला थेट विचारा, कारण असेल तर अर्धं ओझं उतरतं.

पाणी किती, यावर वेळ घालवू नका. ल्यूथरला स्वतःला पूर्ण बुडवण्याची पद्धत आवडायची, 1520 मध्ये त्यानं तसं लिहिलंही आहे. वाद पाण्याच्या मापाचा नाही, कुणाला द्यायचा याचा आहे. आणि 1530 च्या ऑग्सबर्ग विश्वासांगीकाराच्या, म्हणजे ल्यूथरनांच्या मूळ विश्वासनाम्याच्या, नवव्या कलमात बालबाप्तिस्मा नाकारणाऱ्यांचा जो निषेध आहे तो तिच्या तोंडावर फेकू नका. ते कलम अॅनाबॅप्टिस्टांविरुद्ध, म्हणजे बालबाप्तिस्मा नाकारणाऱ्या त्या काळच्या एका वेगळ्या पंथाविरुद्ध, लिहिलेलं आहे; बॅप्टिस्टांची पहिली मंडळी अॅमस्टरडॅममध्ये 1609 ला उभी राहिली.

बाळाचं काय करायचं याला तीनच वाटा आहेत. पहिली, तान्हेपणी बाप्तिस्मा. मुलीला हे पटवून घ्यावं लागेल की आपण शिकलो त्याप्रमाणे हा बाप्तिस्मा नाही, तरी मी बाळाला धरून तिथे उभी राहीन. तिच्या भावाला धर्मपिता व्हायला सांगू नका. त्याचा विवेक त्याला होकार देऊ देणार नाही. जुन्या वळणाच्या सिनडमध्ये त्याला साक्षीदार म्हणून उभं राहता येतं का, ते पाळकाला विचारा. दुसरी वाट, बॅप्टिस्ट पद्धतीनं बाळाचं समर्पण (पाण्याशिवाय, प्रार्थना करून बाळाला देवाच्या हाती सोपवणं) आणि मूल स्वतः विश्वास कबूल करेल तेव्हा बाप्तिस्मा. यात ल्यूथरन नवऱ्याला सात-आठ वर्षं, कधी जास्त, मनात कुसळ घेऊन राहावं लागतं. जे बाळाला द्यायचं होतं ते मी रोखून धरलंय, ही भावना ल्यूथरन बापाला खरोखर छळते; बॅप्टिस्ट बायकोला ती अंधश्रद्धेसारखी वाटते आणि ती तसं बोलून बसते.

तिसरी वाट सगळ्यांना सुचते आणि सगळ्यांत वाईट आहे: आता बालबाप्तिस्मा करू, मोठेपणी मुलाला हवं तर पुन्हा पाण्यात उतरेल. दोघं खूश, कारण निर्णय बारा वर्षं पुढे ढकलला. मग मूल बारा वर्षांचं होतं, बॅप्टिस्ट युवक शिबिरातून येऊन म्हणतं, "मला बाप्तिस्मा घ्यायचाय," आणि आईवडिलांपैकी कुणाचा बाप्तिस्मा खरा हे त्या मुलाला ठरवायला लागतं. भांडण तुमचं होतं, तुम्ही ते त्याच्या दप्तरात घालून दिलंत.

एक प्रसंग वेगळा बोलून ठेवा. बाळ दिवसांच्या आधी जन्मलं, काचेच्या पेटीत आहे, डॉक्टर काही सांगत नाहीत. ल्यूथरन शिकवणीप्रमाणे अशा वेळी कुणीही ख्रिस्ती माणूस, नर्ससुद्धा, थोडं पाणी घेऊन बाप्तिस्मा देऊ शकतो, आणि मुलगा ते ताबडतोब मागेल. मुलीच्या शिकवणीप्रमाणे बाळ तसंही प्रभूच्या हाती सुरक्षित आहे. ती त्याला तो करू देईल का? हा प्रश्न साखरपुड्याआधी विचारायला विचित्र वाटतो. रुग्णालयाच्या गॅलरीत तो विचारणं त्याहून फार वाईट.

लग्नविधीत फारशी अडचण नाही. दोघांच्याही मते लग्न हा संस्कार नव्हे. ल्यूथर त्याला ऐहिक व्यवहार म्हणायचा, देवानं नेमलेला पण सरकारच्या कक्षेतला. त्यामुळे लग्न कुठल्याही चर्चमध्ये लागलं तरी दुसरीकडे ते वैध. दोन पाळकांनी मिळून विधी चालवावा अशी इच्छा असेल तर मिसूरीचा पाळक बहुधा नाही म्हणेल. अनेक ल्यूथरन चर्चमध्ये लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या, चाळीस दिवसांत लग्नं टाळतात. सभागृहाची तारीख पक्की करण्याआधी ईस्टर कधी आहे ते पाहा.

'विजोड' होऊ नका हे करिंथकरांस दुसऱ्या पत्रातलं वचन तुमच्यावर कुणीतरी फेकेलच. ते विश्वास न ठेवणाऱ्यांबद्दल आहे. ल्यूथरन आणि बॅप्टिस्ट दोघंही त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव), ख्रिस्ताचं देवत्व, केवळ कृपेनं विश्वासाद्वारे तारण हे कबूल करतात, तेव्हा ते इथे लावणं चूक आहे. पण ते लागू नाही म्हणजे अडचण नाही असंही समजू नका. दर रविवारी दोन गाड्या दोन दिशांना जाणार असतील तर त्याचा थकवा खरा असतो, आणि काही वर्षांत एकाची गाडी घरीच उभी राहते.

करायचं काय ते क्रमानं सांगतो. आधी तीन महिने आलटून पालटून दोन्ही चर्चना जा, त्यात निदान एक प्रभुभोजनाचा आणि एक बाप्तिस्म्याचा रविवार दोन्हीकडे पाहा. मग ल्यूथरची लहान प्रश्नोत्तरी आणि तिच्या मंडळीचा विश्वासनामा एकत्र बसून मोठ्यानं वाचा. दोन संध्याकाळी पुरतात. मग दोन्ही पाळकांकडे दोघांनी मिळून जायचं, एकेकट्यानं नाही. एकटं गेलं की प्रत्येक जण आपल्याला हवं ते उत्तर घेऊन परततो. चार प्रश्न विचारा: माझ्या जोडीदाराचा बाप्तिस्मा तुम्ही मानता का, तो किंवा ती सभासद न होता इथे येत राहिली तर कुठल्या गोष्टींत भाग घेता येणार नाही, आमच्या बाळाचा बाप्तिस्मा दुसऱ्या चर्चमध्ये झाला तर तुम्ही त्या मुलाला काय शिकवाल, आणि आम्ही आधीच एकत्र राहत असू तर लग्न लावण्यापूर्वी काय अपेक्षा ठेवाल. उत्तरं घरी येऊन त्याच दिवशी लिहून काढा, दोघांनी वेगवेगळी. कागद अदलाबदल करून वाचलेत की एकच उत्तर दोघांनी किती वेगळं ऐकलं ते दिसतं, आणि तिसऱ्या प्रश्नापाशी ते हमखास दिसतं. त्या प्रश्नासाठी त्याच पाळकाकडे पुन्हा एकदा जा.